अर्ध्या मार्काचा घात

मुलगी सातवीत असताना तिच्या गणिताच्या पेपरात दोन ठिकाणी लाल शाई दिसली आणि माझ्यातला आदर्श बाप जागा झाला. एरवी तो पालकसभेच्या दिवशीही झोपलेला असतो.

संख्येच्या डोक्यावर बसणाऱ्या बारक्या आकड्याचं इंग्रजी नाव विचारलं होतं. तिनं 'एक्स्पोनंट' लिहिलं, पण स्पेलिंगमध्ये शेवटच्या एन-टीआधी 'ई'ऐवजी 'ए' टाकलं. अर्धा मार्क गेला. खाली दोनाचा पाचवा घात दहा लिहिला होता, त्यावर फुली. बे पंचे दहा चूक? माझं शिक्षण इथल्याच, बडोद्याच्या मराठी शाळेतलं. घातांकाच्या धड्याला मी बहुधा फक्त देहानं हजर होतो.

अर्धी रजा टाकून मी मुलीला स्कूटरवर घेतलं आणि तरसालीतल्या घरून थेट शाळा गाठली. "बाबा, नको ना," ती वाटेत दोनदा म्हणाली. क्रांतिकारकांना घरचे अडवतातच.

गणिताच्या बाई, म्हणजे इथल्या भाषेत बेन, शांत होत्या. "बेसो ने, भाई," म्हणत त्यांनी खुर्ची दाखवली, एक कोरा कागद पुढे केला आणि दुमडायला सांगितलं. एकदा दुमडला, दोन भाग. पुन्हा दुमडला, चार. पाच वेळा दुमडून उलगडला आणि मी शाळेच्या भर ऑफिसात चौकोन मोजत बसलो. बत्तीस. शिपाईही मदतीला वाकला. त्याचेही बत्तीसच भरले.

"दोनाला पाचानं नाही गुणायचं, पाच वेळा दोनच घेऊन ते एकमेकांशी गुणायचे," मुलगी हळूच म्हणाली. "फुली बघून कळलं मला. मी घरीच सांगत होते. तुम्ही हेल्मेट शोधत होता."

मग मी स्पेलिंगकडे वळलो. काहीतरी जिंकून जायला हवं होतं. मुलीनं वही उघडली. "बेन, फळ्यावर 'ए'च होतं."

बेननी वही पाहिली, पुस्तक पाहिलं. पुस्तकात 'ई' होतं. "तपासताना पुस्तक समोर होतं," त्या ओशाळून म्हणाल्या, "फळ्यावर लिहिताना नव्हतं." दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाला अर्धा मार्क परत मिळाला.

त्या दिवशी शाळेतून परतताना मागच्या सीटवरून प्रश्न आला, "बाबा, दोनाचा शून्यावा घात किती?"

"शून्य," मी ठामपणे म्हणालो.

ती एवढी हसली की मला स्कूटर कडेला घ्यावी लागली. उत्तर एक आहे म्हणे. का, ते तिनं तिथेच उभं राहून समजावलं. मी मान डोलावली. समजलेलं मात्र अजूनही नाही.