मामाजींच्या म्हाताऱ्या मशिनी

नागपुरात भर मे महिन्यात आपण होऊन कूलर बंद ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि दुर्दैवानं तो माझ्या बायकोचा मामा निघाला. प्रताप नगरातल्या त्यांच्या घरी पुढच्या खोलीत चौदा जुने कॉम्प्युटर आहेत, आणि कूलरच्या दमट हवेनं त्यांना गंज चढतो. माणसांना घामोळं उठलं तरी चालतं. एकदा आम्ही जेवायला बसलो असताना मामींनी कूलरचं बटण दाबलं, तर मामाजी ताटावरून उठले. "मशीनले ओल बाधते, कितीदा सांगू वं तुले?" "अन् मले गरमी बाधत नाही काय?" म्हणत मामींनी आपलं ताट उचललं आणि शेजारणीच्या कूलरसमोर बसून शांतपणे जेवण संपवलं.

कळमन्याच्या बाजारात संत्री आणायला धाडलं, तर मामाजी कुण्या अडत्याच्या माळ्यावरचा मोडका कीबोर्ड काखोटीला मारून परत येतात. खोलीत जायचं ते चपला काढून. आत कुणी मोबाईल काढला की म्हणतात, "ठेवा खिशात! म्हाताऱ्या माणसाईसमोर असं करते काय कोणी?" खंडेनवमीला सगळ्या मशिनींची साग्रसंगीत पूजा होते. एका वर्षी भक्तीच्या भरात त्यांनी फ्लॉपीलाही हळदकुंकू वाहिलं, तेही नेमकं ज्या फटीतून मशीन ती वाचतं तिथं. पुढं आठ दिवस कापूस आणि स्पिरिट घेऊन बसले होते, आणि हल्लीच्या कुंकवात भेसळ असते असं सांगत होते.

या चौदांतलं एक मशीन मात्र काही केल्या सुरू होत नव्हतं. तरुणपणी मामाजी नागपूरला लागून असलेल्या वाडी गावातल्या एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात कारकून होते, तिथं आलेला हा पहिला कॉम्प्युटर. बाकीचे कारकून त्याला लांबूनच नमस्कार करत, मामाजींनी तो एकट्यानं शिकून घेतला. तो सुरू केल्याशिवाय मी मरत नाही, असं ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत जाहीर करत. त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. मी एकदा नुसती धूळ फुंकली, तर माझ्या बायकोला तक्रारीचा फोन गेला.

गेल्या महिन्यात त्यांनी मला एकट्यालाच बोलावलं. मशीन उघडं होतं, हवा तो सुटा भाग भंगारात मिळाला होता, फक्त त्याला सोल्डरचा डाग द्यायचा राहिला होता. मामाजींच्या हातातली तापलेली सोल्डर गन इतकी थरथरत होती की बोर्डावर तीन ठिकाणी चटके बसले होते. मी पाहिलं, हे त्यांनीही पाहिलं. "सहा महिने झाले. मामीले सांगू नका," म्हणाले, आणि गन माझ्यापुढं धरली. "घ्या जावईबापू. तुमाले काही येत नाही, मले माहीत आहे. पण हात स्थिर हाये तुमचा."

पुढचा तासभर मी आयुष्यभर पुरतील एवढ्या शिव्या खाल्ल्या. शेवटी बटण दाबलं, पंखा घरघरला आणि काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकायला लागली. मला वाटलं, मामाजी नाचतील. ते खुर्चीवर बसले आणि आपलं नाव टाइप करायला लागले. एकेक अक्षर दोनदोन, तीनतीनदा उमटत गेलं. पुसलं, परत केलं, पुन्हा तेच.

"मशीन बराबर हाये," ते हळूच म्हणाले. "मीच बिघडलो."

मी स्टूल ओढून त्यांच्या बाजूला बसलो आणि म्हणालो, "मामाजी, तुमी सांगा, मी दाबतो."