साठ उंबऱ्यांची विचारपूस

१९६९च्या माघात करंजटेपवाडीच्या सरपंचांनी, सर्जेरावांनी, अंबूबाईला चावडीवर बोलावलं. अंबूबाई वाडीची सुईण. खालच्या आळीतली, बौद्ध, चौथी शिकलेली. वरच्या आळीतली पोरंही तिच्याच हातून जन्मत, पण बाळंतीण मोकळी झाली की तिला मागच्या दारानं वाटेला लावत.

सर्जेरावांनी छापील सरकारी कागद पुढं केला. वाडीचं पाणी, जन्म, मृत्यू, सगळं त्यांनी घरीच भरलं होतं. पाणी ‘उत्तम’, दगावलेली मुलं ‘शून्य’.

“हितं सही कर. सोमवारी तालुक्याचं साहेब येत्यात. वाडी चांगली दिसली तर वेल्ह्यापतोर रस्ता हुईल.”

अंबूबाईनं कागद परत सरकवला. “दादा, शून्य कसं? घरं इचारल्याबिगर म्या सही न्हाई करायची.”

“मग गेनूला सांग, उद्यापास्नं माझ्या बांधावर येऊ नगं.”

गेनू तिचा नवरा. सर्जेरावांच्याच शेतावर मजुरीला जायचा. सकाळी मुंडासं बांधत म्हणाला, “आता कामच न्हाई, तर मीबी येतो संगं.”

दोघं वाडीची साठही घरं फिरली. पाणी कुठलं पिता? पोर कशानं गेलं? अडल्या वेळी कुनाच्या दारात जाता? पहिल्या दिवशी वरच्या आळीनं दारं लावून घेतली. दुसऱ्या दिवशी वाटेवर कुणी काट्यांची शिरी आडवी टाकली. गेनूनं ती उचलून बाजूला केली आणि पुढं चालू लागला. तिसऱ्या दिवशी तिच्या हातून बाळंत झालेल्या बायांनी एकेक दार उघडलं.

तिसरा प्रश्न विचारला की बाया हातातलं काम पुढं ओढत. खालच्या आळीत बऱ्याच जणी म्हणाल्या, “कुनाच्या न्हाई.” वरच्या आळीच्या ओढ्याकडल्या टोकाची अक्काबाई, भरल्या खळ्याची विधवा, तीही तेच म्हणाली. अंबूबाई तिच्याकडं बघतच राहिली.

रविवारपर्यंत हिशोब लागला. वर्षात चौदा जन्मली, सहा गेली. त्यातली पाच ऐन पावसाळ्यात, जुलाब-उलटीनं, आणि पाचही घरं ओढ्याच्या डोहाचं पाणी पिणारी. तिथंच गुरं धुवायची. वरच्या विहिरीवर खालच्या आळीला मज्जाव होता, आणि ओढ्याकाठच्या कुणब्यांना ती लांब पडे.

सोमवारी चावडीपुढं गर्दी झाली. साहेबांनी सरपंचांचा कागद वाचला आणि सुईणीची सही कुठं, म्हणून विचारलं. अंबूबाई उठली. आपला हिशोबाचा कागद तिनं उलगडला. ती गेलेल्या पोरांच्या आयांची नावं वाचू लागली. पाचव्या नावाला तिची जीभ अडखळली. ते लीलाबाईचं होतं, ओढ्याकाठी दिलेल्या सर्जेरावांच्या लेकीचं.

“बस झालं!” सर्जेराव ओरडले. दोन गडी पुढं सरले. गेनू बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला.

तेवढ्यात बायांतून आवाज आला, “वाच की गं. माझं बी हाय त्यात.” लीलाबाईच उभी होती. “आबा, माझं लेकरू तुमी शून्यात घातलं.”

सर्जेरावांनी गड्यांना हातानं मागं सारलं.

मग अक्काबाई बोलली. “धनी गेल्यापास्नं तीन वर्सं माझ्या दारात कुनी आलं न्हाई. परड्यात हीर हाय, पानी ग्वाड हाय. सगळ्यांनी या. कोन आडवतंय ते बघू.”

साहेबांनी अंबूबाईचा कागद नेला. रस्ता काही त्या साली झाला नाही, आणि त्याबद्दल तिला लोकांनी शिव्याही दिल्या. तीन भावक्यांनी अक्काबाईशी बोलणं टाकलं. पण पावसाळ्याआधी परड्यातल्या विहिरीला पायऱ्या आणि कठडा झाला. खालची आळी झाडून आली, वरच्या आळीतलेही बावीस जण दगड वाहायला होते. अक्काबाईनं सगळ्यांना एकाच पंगतीत भाकरी वाढली. त्या वर्षी बारा जन्मली आणि एक गेलं.

पुढच्या पौषात भरदुपारी सर्जेराव स्वतः अंबूबाईच्या अंगणात आले. “लीला अडलीया. तुलाच बोलीवती,” एवढंच म्हणाले.

अंबूबाईनं पदर खोचला आणि त्यांच्या पुढं होऊन झपाझप चालू लागली. मुलगी झाली, चांगली ठणठणीत. गेनू मात्र त्यांच्या बांधावर परत कधी गेला नाही.