बाबांची नम्रता

सांगली सोडली त्या संध्याकाळी आमच्या वर्गाच्या कुलकर्णीबाई एसटी स्टँडवर आल्या होत्या. माझ्या गालावरून हात फिरवत बाबांना म्हणाल्या, “डॉक्टर, पोरगी नाव काढणार बघा.”

बाबा हसले. “कसलं हो! नुसती ढ आहे. चार रट्टे द्यायला हवेत.”

“काहीतरीच काय!” बाई म्हणाल्या आणि सगळेच हसले. आपल्या पोराला चारचौघांत आपण चांगलं म्हणायचं नाही, ते दुसऱ्यानं म्हणायचं, हे मागे राहिलेल्या तुम्हाला मी काय सांगणार? आठव्या वर्षी मलाही ते ठाऊक होतं. “दृष्ट लागते गं,” आई म्हणायची.

बर्मिंगहॅमला आलो. पहिल्या पेरेंट्स इव्हिनिंगला बाबा टाय लावून गेले आणि माझ्या टीचरसमोर तेच बोलले, फक्त इंग्रजीत. “शी इज अ डल गर्ल, मॅडम. प्लीज बी स्ट्रिक्ट.” मग थांबले. आता मॅडम “काहीतरीच काय” म्हणतील म्हणून मीही थांबले. मॅडमनी मान हलवली आणि इतकं प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल बाबांना थँक यू म्हटलं.

सोमवारी मला खिडकीजवळच्या टेबलाशी बसवलं. तिथे लाकडी ठोकळे होते आणि चित्रांची पुस्तकं. मला तिसापर्यंत पाढे पाठ होते, पण बापच सांगतोय म्हटल्यावर विचारतं कोण? मी चिडून हात वर करायची, मॅडम गोड हसून पुढे जायच्या. मग मी हात वर करणं सोडलं, आणि हळूहळू खरंच काही येईनासं झालं. सेकंडरीतही गेले ती बॉटम सेटमध्येच, म्हणजे सगळ्यात कच्च्या मुलांच्या गटात. बाबा म्हणाले, “बघ, मी म्हणत नव्हतो?”

त्या मॅडमला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. पण तिला निदान माझं नावही धड म्हणता येत नव्हतं. बाबांनी तर ते ठेवलं होतं.

धाकटी मृणाल इथेच जन्मली. ती आठ वर्षांची झाली तोवर मी कॉलेजात पुन्हा परीक्षा देऊन, दातओठ खात वर आले होते. आईची ड्यूटी होती, म्हणून मृणालच्या पेरेंट्स इव्हिनिंगला बाबांबरोबर मी गेले. मृणाल आमच्या मध्ये बसली होती. बाबा खाकरले. तेच जुनं हसू. “अवर मृणाल इज अ बिट...”

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि टीचरला इंग्रजीत म्हटलं, “माझ्या वडिलांचं मनावर घेऊ नका. ते जरा मंद आहेत. त्यांच्याशी सावकाश बोला.”

ती बिचारी लगेच पुढे वाकली. मृणालचं रीडिंग किती छान आहे, हे तिनं मोठ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करून, इतकी वर्षं डॉक्टरकी केलेल्या माणसाला समजावलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी “काहीतरीच काय” म्हणेन म्हणून ते थांबले होते. मी म्हटलं नाही. फार बरं वाटलं.

गाडीत ते एवढंच म्हणाले, “असं बोलतात का गं बापाला?”

मागच्या सीटवरून मृणाल म्हणाली, “बाबा, टीचर म्हणाली मी रियली गुड आहे. तुम्ही ऐकला ना?”

“ऐकलं,” बाबा म्हणाले.

तुम्ही फोनवर विचारता, आता घर कुठलं वाटतं? बापानं ढ म्हटल्यावर जिथे कुणीतरी “काहीतरीच काय” म्हणतं, ते घर. सांगलीत ते अख्खा स्टँड म्हणायचा. इथे मृणालसाठी म्हणायला मी आहे. बाबांनी मात्र वाट बघत बसावं.