स्वतःच्या पायांनी

देव आपलं ऐकतो की नाही, अशी शंका माणसाला येते तेव्हा तो निदान गप्प बसतो. मी गप्प बसले नाही. मी देवाशी हुज्जत घातली. ह्यांना पक्षाघात झाला आणि डावं अंग लुळं पडलं, तेव्हा मी काही आजच्यासारखी म्हातारी नव्हते. गुडघे शाबूत होते आणि जीभ तर गुडघ्यांच्याही पुढे धावायची. त्या वेळच्या मला आज समोर उभी केली, तर तिचा कान धरून म्हणेन, "बाय माझे, जरा श्वास घे." पण ती ऐकणाऱ्यातली नव्हती. मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच होते.

ह्यांचं मूळ गाव आरवली, इथून दक्षिणेला. लहानपणी मामाकडे तारकर्लीला आले, होडी धरली आणि इथलेच झाले. पण देव म्हटला की ह्यांच्या तोंडी एकच नाव, वेतोबा. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नवसाच्या वहाणा वाहायची रीत आहे. ह्यांना त्या देवाचं मोठं प्रेम. "आमचो देव बसान खाणारो न्हय, चलणारो आसा," असं ऐटीत सांगायचे. अशा माणसाचेच पाय गेले. मग मी आरवलीला गेले आणि गाऱ्हाणं घालायला सांगितलं.

गाऱ्हाणं म्हणजे आपलं मागणं देवापुढे मोठ्याने मांडायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा!" अशी साथ द्यायची. तिथले मानकरी वयस्कर, सौम्य. ते म्हणाले, "बा वेतोबा म्हाराजा, ह्या तुझ्या लेकराक बरो करून तुझ्या दारात आण..." मी मध्येच तोंड घातलं. "बरो करून असा मोघम नको. नीट सांगा. स्वतःच्या पायांनी येवंदे, मगे वहाणा." नुसतं 'बरं कर' म्हटलं आणि देवाने थोडं बरं करून हात झटकले तर? देवाला पळवाट ठेवायची नाही, एवढी माझी हुशारी. मानकऱ्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि माझेच शब्द जसेच्या तसे देवापुढे ठेवले. चार माणसांनी "व्हय म्हाराजा!" म्हटलं. मी फणकाऱ्यातच घरी आले. आता देव अडकला, असं मला वाटलं. अडकले कोण, ते पुढे कळायचं होतं.

कारण हे चालू शकले नाहीत. भिंतीला धरून उभे राहायचे, तेवढंच. दर वर्षी जत्रा जवळ आली की मुलगी पुण्याहून फोन करायची, "आई, गाडी घेऊन येतो, बाबांना दर्शन घडवून आणू." आणि दर वर्षी मी म्हणायची, "गाडयेतसून नाय. पायांनी येतले म्हणान सांगितलंय देवाक." पहिल्या वर्षी हे हसले. पुढच्या वर्षी म्हणाले, "अगो, देव काय फाटकाक बसलो हा, तिकीट बघूक?" त्यानंतर ह्यांनी तो विषयच सोडला. जत्रेच्या दिवशी घरापुढच्या खळ्यात खुर्ची टाकून दक्षिणेकडे तोंड करून बसायचे. मी समजायची, वारा खातायत.

मग एका मे महिन्यात मुलगी, जावई आणि नात टेम्पो घेऊन आले. टेम्पोत गाद्या, गाद्यांच्या मध्ये सुंभाने आवळलेलं काहीतरी लोखंडी धूड. घाटात ते एका अंगाला सरकलं म्हणून नातीने म्हणे अर्धी वाट मागे बसून त्याला मिठी मारली होती. खाली उतरवलं, जोडलं, तर तीनचाकी सायकल! पण आपल्या डोळ्यांना सवयीची नव्हे. दोन माणसांची, एकामागे एक, आणि बसायचं म्हणजे आरामखुर्चीत रेलल्यासारखं, पाय पुढे लांब करून. पायडलं सीटखाली नाहीत, पार पुढे, पायांच्या टोकाला. शेजारची काकी बघायला आली ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गो, ह्या काय? खाटयेक चाकां लावलास?"

जावयाने समजावलं. तीन चाकं, म्हणजे पडायची भीती नाही. बाबांचे पाय पट्ट्याने पायडलांना बांधायचे. पुढची आणि मागची पायडलं एकाच साखळीने जोडलेली, पुढच्याने मारलं की मागच्याचे पाय आपोआप फिरतात. निजलेल्या पायांना तेवढंच चलनवलन. पहिले दोन-चार दिवस जावयानेच पुढे बसून ह्यांना किनाऱ्याच्या रस्त्याने फिरवलं. कितीतरी दिवसांनी ह्यांच्या तोंडावर वारा लागला. परत आले की केस पिंजारलेले आणि डोळे होडीवरून आल्यासारखे.

एके सकाळी चहा पिताना हे म्हणाले, "गो, हेका पाय लागतत मा चलवक?"

"लागतत. मगे?"

"मगे काय! पायांनीच जातलंव मा आरवलीक?"

मी कप खाली ठेवला. एवढी वर्षं मी देवाची पळवाट बुजवून बसले होते, आणि माझ्याच शब्दात दार होतं. मी म्हटलं, "चलत, असो त्येचो अर्थ." हे म्हणाले, "तू पायांनी म्हटलंस. चलत म्हणूक नाय. तोंड तुझा, शब्द तुझे." आणि वर, "पण पुढे तूच बसूक व्हयी. नवस तुझो."

मी जन्मात सायकल चालवली नव्हती. त्यात भर रस्त्यात बाईमाणसाने उताणं रेलून, पाय पुढे करून जायचं! मुलीचा सलवार-कुडता चढवून मी तारकर्लीच्या रस्त्यावर शिकले. पोरं टाळ्या वाजवायची. काकी रोज विचारायची, "आज खंयच्या खाटयेवर चललंस?" मी म्हणायची, "तुका व्हयी तर मागे जागा करतंय." पण खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. आणि त्या मजेच्या पोटात काहीतरी टोचत होतं. ही एवढी सोपी गंमत आपण ह्यांना इतके दिवस का दिली नाही? सायकल नव्हती, पण गाडी तर होती. वाट होती, देव होता.

जायच्या दिवशी सायकल पुन्हा टेम्पोत चढवली. वेंगुर्ला मागे टाकलं आणि आरवलीच्या अलीकडे ती उतरवली. नव्या वहाणांची पिशवी मागच्या सीटला टांगली. मुलगी आणि नात टेम्पोतून पुढे देवळाकडे गेल्या. जावई आमच्या मागून चालत. सपाटीवर छान गेलो. हे मागून ओळखीची घरं दाखवत होते, कोणाचा फणस कापा, कोणाचा बरका, हेही सांगत होते. मग चढण लागली. चढणीच्या मध्यावर जावई ओरडला, पिशवी पडली! मी ब्रेक दाबून थांबले, तो वहाणा आणायला मागे पळाला. तेवढ्यात मागून गाडीचा भोंगा. रस्ता अरुंद. मी घाबरून ब्रेक सोडला आणि जोर लावला.

दोन-तीन वेढे झाले आणि माझे गुडघे संपले. दुसरा शब्द नाही, संपले. छातीत भाता चालू झाला. मागे वळून बघता येईना, त्या सीटवर मान वळतच नाही. भोंगा पुन्हा वाजला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या तोंडून अट न घालता शब्द निघाले, "वेतोबा, माझ्यान जमना नाय." आणि मी पाय सैल सोडले.

सायकल मागे जायला हवी होती. गेली नाही. माझ्या पायांखालची पायडलं फिरली. अगदी हळू. एक वेढा पुरा झाला, मग दुसरा. माझे पाय नुसते त्यांच्यावर ठेवलेले, कोणीतरी माझा हात धरून न्यावं तसे ते नेले जात होते. आम्ही चढण चढलो. वर आंब्याच्या सावलीत सायकल थांबली, भोंगेवाली गाडी बाजूने निघून गेली.

मी ब्रेक घट्ट दाबून धरला. मग विचारलं, "तुमी मारलात?"

मागून आवाज आला, "मी? माजो पाय खंय हलता! माका वाटला तूच मारतंस."

आणि हसले. ह्यांचं ते हसू मला लग्नापासून ठाऊक. खरं बोलतानाही तसंच, थापा मारतानाही तसंच. जावई धापा टाकत वहाणा घेऊन आला. मी त्याला विचारलं, मागून कोणी ढकललं तर पायडलं फिरतात का? तो म्हणाला, "नाही आई, ढकलून फक्त चाकं फिरतात. पायडलं पायानेच फिरतात. का?" मी म्हटलं, "काय नाय, सहज."

देवळात शेवटची पावलं हे जावयाच्या खांद्यावर आले. तेच मानकरी होते, आता पार वाकलेले. मी हात जोडून विचारलं, "हे सायकलीन इले. नवस पुरो झालो म्हणूचो काय?" ते म्हणाले, "सायकल चाकांनी चलता, पण चाकां कोणी फिरवली? पायांनीच मा?" आणि गाऱ्हाण्याला सुरुवात केली. "व्हय म्हाराजा!" मी सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.

पण ह्यांचं लक्ष गाऱ्हाण्याकडे नव्हतंच. त्या उंच मूर्तीकडे बघत, एखाद्या जुन्या सोबत्याला विचारावं तसं हे हळूच म्हणाले, "बरो आसस मा रे? इतकी वर्सां येवक नाय, रागान नाय मा रवलंस?"

ते वाक्य मला अजून झोपू देत नाही. माणूस देवाची क्षमा मागत होता, न येण्याबद्दल. आणि दार लावून बसले होते मी. देव कधीच अटीत अडकला नव्हता. अडकून खळ्यात बसला होता तो माझा घोव, दक्षिणेकडे तोंड करून.

पुढच्या जत्रेलाही असंच जायचं, असं ठरवून आम्ही परतलो. भात कापणीला आलं, आणि हे गेले. ती एकच फेरी झाली. चढणीवर काय झालं, ते मी त्यांना पुन्हा नीट बसवून विचारणार होते. जत्रेच्या वाटेवर त्याच आंब्याखाली थांबून विचारू, असं ठरवलं होतं. तेही राहिलं. आज कोणी विचारलं, ते हे होते की तो होता, तर मला सांगता येत नाही. आणि आता सांगता यावं, असा हट्टही उरलेला नाही. दोघांपैकी ज्याने कोणी पाय लावला, त्याने मी जोर सोडल्यावरच लावला, एवढंच मला ठाऊक आहे.

मुलगी म्हणते, सायकल पुण्याला नेते. मी म्हणते, राहू दे. ती मांगरात, अवजारांच्या खोपीत असते, ताडपत्रीखाली. संध्याकाळी मी ती खळ्यात काढते आणि पुढच्या सीटवर रेलते. काकी कुंपणापलीकडून अजून ओरडते, "इली गो खाटयेवरची राणी!" मी हात हलवते. चार वेढे मारते, मागची रिकामी पायडलं माझ्याबरोबर फिरल्याचा आवाज येतो. वेतोबाकडे आता काही मागत नाही. आरवलीच्या दिशेला तोंड करून थांबते, पाय सैल सोडते, आणि जरा वेळ वाट बघते.