दुधी काचेचं झाकण आणि दोह्यातले नऊ दिवस

दोह्याला जायचं ठरलं ते एका झाकणापायी. हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याने पेपर बाजूला ठेवला आणि म्हणाला, "लोक शॉपिंगला जातात, तू भंगार आणायला जा." त्याचंही खरंच आहे म्हणा. आमच्या नाशिकच्या घरात दोन कपाटं जुने पेले, कपबश्या आणि बरण्यांनी भरलेली आहेत, आणि पलंगाखालच्या बॅगेत जुनी मेन्यूकार्डं, काडेपेट्यांची लेबलं, लग्नपत्रिका. पण या सगळ्याची सुरुवात एका डोंग्यापासून झाली. दुधी काचेचा डोंगा, पोटावरून निळ्या फुलांची बारीक वेल गेलेला. माझे बाबा ऐंशीच्या दशकात तीन वर्षं दोह्याला ड्राफ्ट्समन होते, येताना त्यांनी हा अख्खा डिनर सेट आणला. मी सातवीत असताना त्या डोंग्याचं झाकण माझ्या हातून फुटलं. बाबा रागावले नाहीत, नुसते तुकडे गोळा करत राहिले. आता बाबा नाहीत, आणि त्या झाकणासाठी मी इतकी वर्षं किती बाजार पालथे घातले त्याला गणती नाही.

माझी धाकटी बहीण मीनल दोह्यात मदिनत खलीफाला राहते, तिचा नवरा गॅस कंपनीत इंजिनियर आहे. २००८च्या नोव्हेंबरात तिने व्हिसा पाठवला आणि मी डोंग्याचा फोटो पर्समध्ये घालून निघाले. मुंबईहून विमान साडेतीन-चार तासांत पोचतं. जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जा. त्या दिवसांत संध्याकाळी समुद्रावर हलका वारा असतो, अंगावर ओढणी घ्यावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी सूक वाकिफ, म्हणजे दोह्याचा जुना बाजार. मदिनत खलीफाहून टॅक्सीला पंधरा रियाल पडले. रियाल तेव्हा तेरा रुपयांच्या आसपास होता. बाजार नव्याने जुना केलेला आहे, मातीच्या रंगाच्या भिंती, लाकडी छतं, मसाल्यांचा वास. एका रियालमध्ये कागदी कपात करक चहा मिळतो, घट्ट आणि वेलदोड्याचा. तो हातात घेऊन मी दुकानांमागून दुकानं पाहिली. कॉफीचे बिनकानाचे छोटे कप मिळाले, एका विमान कंपनीचं जुनं मेन्यूकार्ड पाच रियालला मिळालं. फोटो मात्र ज्याला त्याला दाखवला आणि प्रत्येकाने मान हलवली. माझी दहा वर्षांची भाची ईशा माझ्या पिशवीत डोकावून म्हणाली, "मावशी, बट दीज आर यूज्ड!" मी म्हटलं, "म्हणूनच घेतले." तिला ते पटलं नाही.

चौथ्या दिवशी मीनलने मुऐदरला नेलं. तिथे व्हिलांच्या वस्तीत बाजार आहे, तिकडे जुन्या सामानाची दोन-तीन दुकानं आहेत असं तिला कुणी तरी सांगितलं होतं. फ्रीज, गाद्या, पाळणे यांच्या मागे एका फळीवर काचसामान होतं. दुकानदार केरळचा. त्याने फोटो पाहिला आणि हसायलाच लागला. "ये सेट? मॅडम, ये तो हर इंडियन फॅमिली ने लिया था. सब इंडिया चला गया. आप उधर ढूंढो."

मी विमानाचं तिकीट काढून इथवर आले ते हे ऐकायला! मीनल गाडीत बसेपर्यंत हसत होती. मला हसू येईना. बाबांचं दोहा शोधायला आले होते आणि बाबांच्या वेळचं सगळं सामान लोक घेऊन गेले होते, घरी, आपापल्या गावाला.

सहाव्या दिवशी मीनलला ब्लाउज आणायला मुशैरिबला जायचं होतं. तिचे ब्लाउज शमीमभाभी शिवतात. रत्नागिरीकडच्या, पंचावन्नच्या पुढच्या, बावीस वर्षं तिथल्या एकाच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. तो सगळा भाग पाडून नवा बांधायचा होता, त्यांनाही खोल्या खाली करायच्या होत्या. जिन्यात पुठ्ठ्याची खोकी, गुंडाळलेले गालिचे, दारावर टांगलेला पिंजरा. मी सवयीने पर्समधला डोंग्याचा फोटो पुढे केला. शमीमभाभींनी चष्मा लावून पाहिला आणि म्हणाल्या, "हा तर माझ्या पलंगाखाली हाय."

पलंगाखालून खोका निघाला. चिकटपट्टी पिवळी पडलेली, पण एकदाही न उघडलेली. वर पेनाने लिहिलं होतं, 'घर'.

"उघडला नाही कधी?" मी विचारलं.

"कशाला उघडू गो? हा गावच्या घराचा. घर बांधला, फरशी घातली, सुतारानं ह्याच्या मापाचा शोकेसपण केलान. आम्ही जाऊ तेव्हा हा आमच्याबरोबर जायचा."

शोकेस बारा वर्षं रिकामा होता. मी त्या खोक्याकडे कशी पाहत होते ते मलाच ठाऊक. मीनलने मला कोपर मारलं, तरी मी विचारलंच, "भाभी, झाकण फुटलं हो आमचं. ह्यातलं मिळेल?"

"नाय गो. सेट फोडायचा नाय." आवाजात राग नव्हता, पण पुढे बोलायला जागाही ठेवली नव्हती.

तेवढ्यात त्यांचे यजमान इक्बालभाई नमाजाहून आले. एका कंपनीत स्टोअरकीपर, शांत माणूस. त्यांनी खोका बाहेर पाहिला आणि टोपी काढून खुर्चीत बसले. "शमीम, मुऐदरला आपल्याला दोनच खोल्या मिळाल्या हायत. हा खोका कुठं ठेवशील?"

"गावाला पाठवू या."

"गावाला कोण हाय? सलीम कॅनडात. काल फोनवर पोरगा काय बोलला, ऐकलंस ना तू? त्याला तो घर नको." मग हळूच म्हणाले, "आणि आपण तरी कधी जाणार? दर साली पुढच्या साली म्हणतो."

मी मनात म्हटलं, आता उठावं. पण शमीमभाभीच उठल्या. कपडे कापायची कात्री आणली आणि चिकटपट्टी सरळ कापली. "खलास," म्हणाल्या. "आज जेवल्याशिवाय जायचा नाय."

बावीस वर्षांची कोरी ताटं त्यांनी मोरीत धुतली. "अहो, नको, कोरा सेट आहे," असं मी म्हणत होते, पण कुणासाठी म्हणत होते कोण जाणे. त्यावर सुरमईचं लालभडक कालवण आलं, तांदळाची भाकरी आली. इतकं चविष्ट कालवण मी पुन्हा खाल्लेलं नाही. इक्बालभाई ताटाच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "रंग चांगला हाय. विसरलो होतो."

निघताना भाभींनी ओढणीत गुंडाळून झाकण माझ्या हातात दिलं. मी "नको नको" म्हटलं, एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं असतं तर त्यांनी कदाचित ठेवून घेतलं असतं, म्हणून म्हटलं नाही. झाकण विमानात मांडीवर घेऊन आले. ज्यांना काच आणायची असेल त्यांना सांगते, सामानात टाकू नका, हातातच ठेवा.

नाशिकला डोंग्यावर ते असं बसलं, जणू कधी फुटलंच नव्हतं. आईने त्यात भात काढला, झाकण ठेवलं, उचललं, परत ठेवलं. डोळ्यांना पदर लावला. मलाही रडू आलं. इतक्या वर्षांची रुखरुख अशी एका झटक्यात संपेल असं वाटलं नव्हतं.

ती संपली, आणि दुसरी लागली. पुढे मीनलचा फोन आला की भाभी मुऐदरला गेल्या, सेट रोजच्या वापरात आहे, दोन ताटं फुटलीसुद्धा, आणि त्यांनी ते हसत सांगितलं. ताटांचं मला काही वाटलं नाही. पण खोका बंद होता तोवर ती दोघं गावच्या घरी जाणार होती. तो उघडण्याच्या दिवशी नेमकी मी तिथे हात पसरून बसले होते.

हे सगळं मी आईला महिनाभराने सांगितलं. ती डाळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिच्या डोंग्यावर आता ती काय झाकते?"

मी विचारलंच नव्हतं.