मुका शार्क

नंदुरबारला समुद्र नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात तिथे शार्क बचाव फेरी निघाली आणि मी बातमीसाठी गेलो. शार्क झालेला माणूस गावोगावी सोंगे नाचवणारा होता. एरवी तो वाघ होई, त्यामुळे चौक येताच त्याने सवयीने डरकाळी फोडली.

"शार्क ओरडत नाही, बाबा," संयोजकांनी बजावले. "मुका प्राणी आहे. मुकाच राहा."

तो मुका राहिला. पुढे भाषणे सुरू झाली. मंडप व्यासपीठापुरता होता. फोमचा शार्क समोर उन्हात उभा होता. मुक्या जिवांची हाक ऐका, असे प्रमुख पाहुणे सांगत असताना त्याने दोन्ही पर ओंजळीसारखे तोंडाशी नेले. पाहुण्यांना तो नमस्कार वाटला. त्यांनी खाली उतरून एक पर हातात धरला आणि फोटो काढून घेतला. पाण्याच्या बाटल्या व्यासपीठावरच राहिल्या.

कार्यक्रम संपल्यावर तो चहाच्या टपरीवर आला. जबडा डोक्यावर सारून त्याने आधी तांब्याभर पाणी पिऊन घेतले आणि मग माझ्याकडे पाहिले.

"मी वाघ बनस तवय लोके घरमाईन पानी आनी देतस," तो म्हणाला आणि डोक्यावरच्या जबड्याला टिचकी मारली. "हाऊ पडना पानीना प्रानी. याले कोन पानी ईचारी, भाऊ?"