कॉमेट्सचे अकरा आठवडे

बंद पडलेल्या टीमचे किस्से चालू टीमपेक्षा वेगाने साठतात. लीड्समध्ये स्पोर्ट्स रिपोर्टर म्हणून माझी पस्तीस वर्षं गेली, त्यातले अकरा आठवडे कॉमेट्सचे. पण चार मित्र जमले की विचारतात ते कॉमेट्सबद्दलच. मग माझा आवाज चढतो. चढणारच!

*

कॉमेट्स म्हणजे प्रोफेशनल इनडोअर फुटबॉल टीम. छपराखाली, पाच-पाच जणांचा खेळ. मालक समीर बापट, मूळचा पुण्याचा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये. फुटबॉल आयुष्यात खेळला नव्हता. मीटिंगा मात्र भरपूर घेतल्या होत्या.

पहिल्या प्रेस कॉन्फरन्सला म्हणाला, "हे फुटबॉलचं भविष्य आहे!"

मी विचारलं, "हॉल किती वाजेपर्यंत मिळालाय?"

"पाच."

"आणि पाचनंतर?"

"बॅडमिंटन."

भविष्य म्युनिसिपालिटीच्या स्पोर्ट्स सेंटरमध्ये तासावर बुक केलं होतं! पहिल्याच मॅचला पाचाच्या ठोक्याला दोन आजीबाई रॅकेट घेऊन आत आल्या आणि रेफरीने मॅच संपवली. इंज्युरी टाइम वगैरे काही नाही.

*

एका शुक्रवारी बापटची प्रेस रिलीज आली: 'कॉमेट्सचा थरारक विजय.' मी फोन केला. "अहो, मॅच उद्या आहे!"

"सर, तो ड्राफ्ट आहे. हरलो तर एडिट करू."

नऊ-शून्यने हरले. रविवारी नवी रिलीज: 'कॉमेट्सचा थरारक अनुभव.' एक शब्द बदलला होता! आणि एका वेबसाइटने ती जशीच्या तशी छापली. तिथला संपादक एकेकाळी माझ्या हाताखाली होता, याची आजही लाज वाटते.

*

या सगळ्यात एकच माणूस मनापासून खेळायला आला होता. रोहन पेंडसे, जन्म इथलाच, त्यामुळे मराठीही जरा इथलीच. हॉस्पिटलमधली फिजिओची नोकरी सोडून आला आणि दुसरा गोलकीपर म्हणून बेंचवर बसला. आठवडेच्या आठवडे बसला. मला म्हणायचा, "काका, एकदा तरी मॅच खेळेन ना, तेव्हा माझा नाव पेपरमध्ये टाका. बाबांना दाखवायची आहे."

बाबा म्हणजे रिटायर्ड डॉक्टर पेंडसे. त्यांना ही नोकरी मुळीच पसंत नव्हती. "बेंचवर बसणारा प्रोफेशनल असेल, तर माझ्या वेटिंग रूममध्ये सगळे प्रोफेशनलच होते!" पण दर शनिवारी यायचे. चेंजिंग रूमच्या दाराजवळ प्लास्टिकची खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. म्हणायचे, तिथे वारा लागत नाही.

*

बापट हाफटाइमला टीमची मीटिंग घ्यायचा. ऑफिसात प्रोजेक्ट संपला की घेतात, तशी. भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या: काय चांगलं झालं, काय सुधारता येईल. पहिला गोलकीपर गॅरी, बार्न्सलीचा, त्याने लिहिलं, 'तीन गोल खाल्ले.'

बापट म्हणाला, "गॅरी, आपण कुणाला दोष देत नाही. स्वतःलाही नाही."

"मग बॉलला देऊ का?" गॅरीने विचारलं.

या मीटिंगचा एक नियम होता: जे खेळले, तेच आत. म्हणजे रोहन कायम बाहेर!

*

अकराव्या आठवड्यात ग्लासगोची टीम आली. टीम बंद होणार हे सगळ्यांना कळलं होतं. ही शेवटची मॅच. त्यामुळे हाफटाइमच्या मीटिंगमध्ये बापटने स्लाइड्स काढल्या. अख्ख्या सीझनच्या!

रेफरीला पाचला हॉल रिकामा करून द्यायचा होता. त्याने दोनदा हाक मारली आणि सरळ सेकंड हाफची शिट्टी फुंकली. मैदानात कॉमेट्सचा एकच माणूस हजर होता. रोहनने ग्लोव्हज चढवले आणि गोलमध्ये जाऊन उभा राहिला. समोर ग्लासगोचे पाच जण!

एक शॉट अडवला. दुसरा अडवला. तिसरा आत गेला. चौथा त्याने तोंडावर घेतला. स्टँडमधले एकोणीस प्रेक्षक उभे राहिले. बॅडमिंटनच्या आजीबाईही ओरडायला लागल्या.

आपली टीम आहे कुठे, हे बघायला मी चेंजिंग रूमकडे धावलो. आतून दारावर धडाधडा बुक्क्या बसत होत्या. गॅरी ओरडत होता, "ओपन द डोअर!"

दार बाहेर उघडणारं. त्याला खुर्ची टेकवून डॉक्टर पेंडसे बसले होते. पेपर घडी करून मांडीवर, नजर मैदानावर.

"डॉक्टर, अहो, टीम आत अडकलीये!"

"मीटिंग चालू आहे त्यांची," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "डिस्टर्ब करू नका."

पस्तीस वर्षांत मी बातमीत कधी हात घातला नव्हता. मी दुसरी खुर्ची आणली आणि त्यांच्या शेजारी दाराला लावून बसलो.